आदर सह्याद्रीचा, टीआरपी सिरियलचा

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं, की तुमच्या घरी दूरदर्शन लागतं का, आणि लागत नसेल तर का नाही. वाटलं दहा-बारा पत्रं येतील. पण लोकांनी मन मोकळं केलंय अगदी, व्हॉट्सअ‍ॅपवर तर व्हॉइस नोट पाठवलेत पाच पाच मिनिटांचे. एक गंमत सांगते, "सह्याद्रीसारखं चॅनेल नाही" असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच पत्रात पुढे सिरियलींवर तक्रार केलीय, तीही नायिकेच्या साडीच्या रंगासकट. म्हणजे बघतात काय ते कळलंच. असो. निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा आहे. आमच्याकडे रोज जेवताना वाद. नात म्हणते दूरदर्शन म्हणजे सरकारचा भोंगा, मी म्हणतो तुमची खाजगी चॅनेलं म्हणजे मासळीबाजार. आमच्या वेळी काय एकेक कार्यक्रम असायचे, जाहिरातींची कटकट नव्हती. तुम्ही निकाल द्या.
— निवृत्त बँकवाले, गिरगाव

उत्तर : काका, आधी नातीच्या बाजूने बोलते, रागावू नका. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला आणि तीनच वर्षांत आणीबाणी आली. तेव्हा टीव्हीवर काय दिसायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. १९७७च्या फेब्रुवारीत दिल्लीत जयप्रकाशांची सभा होती तर लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून त्या संध्याकाळी टीव्हीवर त्या काळचा सुपरहिट सिनेमा लावला होता, हा किस्सा आजही सांगतात. (सभेला लोक आलेच, ते वेगळं.) मग म्हणे दूरदर्शनला सरकारपासून मोकळं करू. कायदा झाला १९९०ला, दूरदर्शन-आकाशवाणी चालवायला प्रसार भारती नावाची वेगळी संस्था काढायचा, आणि अंमलात कधी आला तर १९९७ला! सात वर्षं कागद फायलीत. आणि आजही पगाराचे पैसे केंद्र सरकारच्या अनुदानातून येतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे नातीला कुणी शिकवावं लागत नाही, तिला ते दिसतं.

आता तुमच्या बाजूने. फक्त ते "जाहिराती नव्हत्या" एवढं मात्र काढून टाका. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६पासून आहेत. आणि ज्या रविवार सकाळी रस्ते ओस पडायचे, १९८७नंतरच्या, त्या सिरियली बाहेरच्या निर्मात्यांनीच काढलेल्या होत्या आणि जाहिरातदारांची रांग लागायची त्यांना. साबण, टूथपेस्ट, वॉशिंग पावडर, सगळं तेव्हाही होतं, तुम्हाला त्या जाहिराती तोंडपाठ असतील बघा. फरक एवढाच की दुसरं चॅनेलच नव्हतं. त्यामुळे जाहिरातदाराला कुठे पळून जायची सोय नव्हती, आणि दूरदर्शनवाल्यांना एखादा शेतीचा कार्यक्रम किंवा कविसंमेलन लावलं तर प्रेक्षक दुसरीकडे जाईल ही भीती नव्हती. आपण शेतीचा कार्यक्रम बघायचो तो आवड म्हणून नव्हे हो, सिनेमातल्या गाण्यांचं छायागीत लागायच्या आधी जे असेल ते बघायचं म्हणून. पण बघितलं गेलं आणि थोडं डोक्यात राहिलं. १९९२ला झी आलं, १९९९ला मराठीत अल्फा आलं, २०००ला ई टीव्ही आलं, आणि हातात रिमोट आला तसं ते संपलं. म्हणून मला विचाराल तर दूरदर्शन बिघडलं आणि खाजगी आली असं नाही झालं. आपल्याला पर्याय मिळाला आणि आपण चांगल्या चॅनेलला नमस्कार करून दुसरीकडे गेलो.

प्रश्न : मॅडम मी दूरदर्शन बघतच नाही, मुलंही बघत नाहीत. मग माझ्या टॅक्सच्या पैशातून ते का चालवायचं? खाजगीवाले निदान फुकट तरी दाखवतात.
— एक गृहिणी, भांडुप

उत्तर : फुकट? ताई, केबलवाला दर महिन्याला दारात येतो तो काय हळदीकुंकवाला येतो का?

बिल काढून बघा एकदा. २०१९ला ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम आला तेव्हापासून आधी नेटवर्कचे पैसे, तेव्हा ते १३० रुपये अधिक टॅक्स होते, आणि त्याच्यावर तुम्ही निवडलेल्या पे चॅनेलचे वेगळे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी काही निवडलं नव्हतं, केबलवाल्यानेच "मराठी फॅमिली पॅक" म्हणून एक टाकून दिला, त्यात तीन चॅनेल मी बघते आणि बाकीची कुठली भाषा बोलतात तेही माहीत नाही. दूरदर्शनच्या चॅनेलचे वेगळे पैसे त्यात नाहीत. हे झालं उघड बिल. दुसरं बिल न दिसणारं. शाम्पूची जी बाटली घेता त्याच्या किमतीत त्याच्या जाहिरातीचा खर्च असतोच, तो कंपनी काय खिशातून घालते? म्हणजे सिरियल न बघणारी तुमची सासूसुद्धा केस धुताना सिरियलचे पैसे भरते.

आणि टॅक्सचं म्हणाल तर पूर्वी टीव्हीचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची, ते १९८५ला बंद झालं. तेव्हापासून सरकार बजेटमधून देतं. २०२३च्या जानेवारीत आकाशवाणी आणि दूरदर्शनची यंत्रसामग्री सुधारायला केंद्राने २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली, २०२५-२६पर्यंतची. आकडा ऐकून छाती दडपते, पण १४० कोटी माणसांत वाटला तर माणशी १८ रुपये, एक वडापाव, तोही काही ठिकाणी आता येत नाही. पगार, रोजचा खर्च वेगळा, तो मी यात धरला नाही. पण तुमचा प्रश्न चुकीचा नाहीये. वडापाव असला तरी माझाच आहे आणि तो कुणी खाल्ला हे विचारायचा हक्क आहे. फक्त "मी बघत नाही म्हणून बंद करा" यात एक भानगड आहे. मी महापालिकेच्या शाळेत मुलं घातली नाहीत, केईएम हॉस्पिटलमध्ये गेली वीस वर्षं पाय ठेवला नाही, म्हणून ती बंद करा असं आपण म्हणत नाही ना.

स्वित्झर्लंडमध्ये तर लोकांना सरळ मतदानच करायला लावलं. ४ मार्च २०१८. प्रश्न एकच, की सरकारी नव्हे पण सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठी घराघरातून जी फी घेतात ती रद्द करायची का. तेव्हा ती वर्षाला ४५१ फ्रँक होती, म्हणजे चांगली घसघशीत. ७१.६ टक्के लोक म्हणाले नको, राहू द्या. खिशातून पैसे जाणार हे माहीत असून! आपल्याकडे असं मतदान घेतलं तर काय होईल, मला अंदाज आहे, पण लिहीत नाही.

प्रश्न : न्यूज चॅनेलवाले एवढे का ओरडतात? आणि विचारलं की म्हणतात पब्लिकला हेच पाहिजे. मला नकोय. माझ्या ग्रुपमध्ये कुणालाच नकोय. मग हे पब्लिक कोण?
— कॉलेजचा विद्यार्थी, लालबाग

उत्तर : हे पब्लिक म्हणजे काही हजार घरं, बाळा. टीआरपी मोजायला निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, बार्क नावाची संस्था २०१५पासून ते मोजते, सगळ्या देशात मिळून पन्नास-साठ हजारांच्या आसपास घरं. दर आठवड्याला आकडे येतात आणि त्यावर जाहिरातीचे दर ठरतात. कुठल्या घरात मीटर आहे ते गुप्त ठेवायचं असतं, कारण उघड आहे. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबई पोलिसांनी प्रेस घेऊन आरोप केला होता की काही घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगत होते. न्यूज चॅनेलचे टीआरपी त्यानंतर थांबवले ते २०२२च्या मार्चपर्यंत. पुढे २०२४मध्ये केस मागे घेतली गेली. पण तो दीड वर्षाचा काळ आठव, टीआरपीचे आकडे येतच नव्हते, तरी ओरडणं कमी झालं होतं का? म्हणजे सवय लागलीय.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आम्ही राहतो हिंदमाताच्या जवळ, गॅलरीतून रस्ता दिसतो. पाऊस झाला की पाणी भरतं हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात एका चॅनेलची गाडी आली. पाणी होतं घोट्याच्या थोडं वर. रिपोर्टर मुलगा जरा खोलगट जागा शोधून उभा राहिला आणि कॅमेरावाला चक्क उकिडवा बसला, कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली. मी वरून बघतेय आणि आत टीव्हीवर तेच लाइव्ह चाललंय, तर टीव्हीत समुद्र दिसतोय! दहा मिनिटांत सांगलीहून बहिणीचा फोन, अगं बुडलात का, सामान माळ्यावर टाकलंत का. मी म्हटलं भजी तळतेय.

मग मुद्दाम सह्याद्री लावलं. तिथे एका वाक्यात "मुंबईत सखल भागांत पाणी साचलं, मध्य रेल्वेची वाहतूक उशिराने" आणि पुढची बातमी. शांत, खरं, नीट मराठी. मला बरं वाटलं. पण मग लक्षात आलं, की यांचं कुणी इथे आलंच नाही. आणि तोच उकिडवा बसलेला कॅमेरावाला आणि तो मुलगा अर्ध्या तासाने पालिकेच्या पंपापाशी गेले आणि तिथल्या माणसाला विचारायला लागले की पंप बंद का, कधीपासून बंद, साहेब कुठे आहेत. आवाज चढवूनच विचारलं. पण विचारलं. थोड्या वेळाने पंप सुरू झाला. त्याने विचारलं म्हणून की आपोआप, देव जाणे. तर तुझ्या ग्रुपला सांग, ओरडणं नको हे बरोबर आहे, पण जो ओरडत नाही तो दरवेळी प्रश्न विचारतोच असंही नाही.

प्रश्न : जाहिरातींना काही लिमिट आहे का नाही कायद्यात?
— डोंबिवली

उत्तर : आहे. तासाला १२ मिनिटं, त्यातली १० जाहिरातींची आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या प्रमोशनची. केबलच्या नियमांत आहे, ट्रायनेही २०१२-१३मध्ये त्यावर कडक व्हायचं ठरवलं, तर चॅनेलवाले दिल्ली हायकोर्टात गेले. मी एक दिवस साडेआठच्या एका सिरियलला मोबाइलचा स्टॉपवॉच लावला. गोष्ट चालली १८ मिनिटं. त्यात "मागील भागात" आणि "पुढील भागात" धरून. त्या १८ मिनिटांत सासूने कपाट उघडलं, तेच तीन बाजूंनी तीनदा दाखवलं, आणि कपाटात काय होतं ते ब्रेकनंतर, आणि ब्रेकनंतर कळलं की उद्या. तास घड्याळाचा धरतात त्यामुळे अर्ध्या तासावरून मला कुणावर केस करता येणार नाही, आधीच्या अर्ध्या तासात कमी दाखवल्या म्हणतील.

प्रश्न : बीबीसी पण सरकारी पैशावर चालते ना? मग तिला जगभर मान आणि आपल्या दूरदर्शनला का नाही? वर्गात मुलांनी विचारलं, मला धड सांगता आलं नाही.
— शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : बाई, इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट आहे, पैसे कुठून येतात यापेक्षा कुठल्या वाटेने येतात. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणारं प्रत्येक घर लायसन फी भरतं, २०२५च्या एप्रिलपासून ती वर्षाला १७४.५० पौंड झाली, आणि ती त्याच कामासाठी असते. फी किती हे सरकार ठरवतं, म्हणजे दोरी आहेच, पण लांब आहे. तिथेही लोक चिडतात, डावे म्हणतात बीबीसी उजवी, उजवे म्हणतात डावी. आणि मुलांना गोंधळात टाकायचं असेल तर चॅनल ४ सांगा, तेही ब्रिटनचंच, १९८२चं, मालकी सार्वजनिक पण पोट भरतं जाहिरातींवर! म्हणजे सरकारी विरुद्ध खाजगी अशा दोनच पेट्या नाहीत.

जर्मनीत घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. २०२१ला फी वाढवताना एक राज्य अडून बसलं तर तिथल्या घटनात्मक न्यायालयाने आदेश देऊन वाढवली, कारण काय तर राजकारण्यांना पैसे अडवून चॅनेलला वाकवता येऊ नये. याच्या बरोब्बर उलटं अमेरिकेत. तिथल्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओला सरकारी निधी पोचवणारी संस्था १९६७च्या कायद्याने झालेली, २०२५च्या जुलैमध्ये त्यांच्या संसदेने मंजूर केलेले ११० कोटी डॉलर परत काढून घेतले.

आपलं दुसऱ्या गटात मोडतं. बजेटमधून पैसे, म्हणजे मंत्रालयाच्या दारातून. आपल्याकडे न्यायाधीशांनी मात्र फार स्वच्छ लिहून ठेवलंय हो. १९९५चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच भांडण होतं, त्यात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारचीही मक्तेदारी नको आणि पैसेवाल्याचीही नको, असा त्याचा अर्थ. निकालाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी उचलला, चॅनेलं निघाली शेकड्याने. दुसरा अर्धा कुणी वाचला नाही. वर्गात हेच सांगा, आवडेल मुलांना, कारण सुरुवात मॅचपासून होते.

प्रश्न : मॅचवरून आठवलं, गणपतीत गावी कणकवलीला गेलो तर काकांच्या घरी छत्रीवर डीडी स्पोर्ट्सला भारताची मॅच चालू होती, फुकट. मुंबईत आल्यावर तेच चॅनेल केबलवर लावलं तर तिथे जुनी कबड्डी. केबलवाला म्हणतो माझ्या हातात नाही. फसवतोय का?
— परळ

उत्तर : नाही फसवत, या वेळी तरी. २००७चा कायदा आहे, की राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचेसचं प्रक्षेपण खाजगी हक्कदाराने प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यायचं, जाहिरातींच्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कदाराला, २५ प्रसार भारतीला. त्यामुळे डीडीवर मॅच दिसते. पण मग तेच चॅनेल केबलवाले दाखवायचे, आणि ज्याने कोट्यवधी मोजून हक्क घेतले तो म्हणणार, मग माझं चॅनेल कोण विकत घेईल? ते भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ला निकाल आला की हे सिग्नल दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि आपल्या फ्री डिशवर दाखवावं, खाजगी केबलवर आणि इतर डिशवर नाही. काकांची छत्री फ्री डिशची, एकदा छत्री आणि बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचं बिल नाही, २००४पासून आहे ती सेवा.

म्हणजे बघा, आपण मुंबईकर दूरदर्शनला गरिबांचं चॅनेल म्हणून नाकं मुरडतो आणि महिन्याला बिल भरून कबड्डीचं रिपीट बघतो, आणि काका अंगणात छत्री फिरवून भारताची मॅच बघतात. आणखी मजा सांगू? त्या फ्री डिशवर जागा मिळावी म्हणून मोठमोठी खाजगी चॅनेलं लिलावात पैसे मोजतात. जिथे प्रेक्षक आहे तिथे जावंच लागतं.

प्रश्न : सगळ्यांना शहाणपण सांगता, तुम्ही स्वतः घरी काय बघता? खरं सांगा.
— मुलुंड

उत्तर : संध्याकाळच्या बातम्या सह्याद्रीवर, भाजी चिरताना, कारण त्या ऐकून कळतात, स्क्रीनकडे बघावं लागत नाही आणि कुणी अंगावर येत नाही. रविवारी कधी जुन्या मुलाखती लागल्या तर त्या. आणि साडेआठला... तो स्टॉपवॉच मी अभ्यासासाठी लावला असं वर लिहिलंय का? नाही ना लिहिलं. मी बघतच होते. कपाटात कुंडली होती, दुसऱ्या दिवशी कळलं, पावणेनऊला.